डोक्याला मार लागलेले मूल वर्गात परतते तेव्हा: शिक्षकांसाठी मार्गदर्शन

महामार्गावर दुचाकीला बसलेली धडक, धाब्याच्या घराच्या छतावरून पडणे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची दोरी तुटणे, कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून घसरणे अशा कारणांनी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळकरी मुलांच्या डोक्याला मार लागतो आणि त्यांपैकी काहींच्या मेंदूला इजा होते. टाके निघतात, केस पुन्हा वाढतात, मूल चालू-बोलू लागते आणि पालक त्याला शाळेत आणून सोडतात. पायाला प्लास्टर असलेल्या मुलाला सगळा वर्ग जपतो. मेंदूची इजा मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत त्या मुलाबद्दल ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी झाला’, ‘घरच्यांनी लाडावून ठेवला’ असे शेरे सुरू होतात. जिल्हा परिषद शाळा, खासगी अनुदानित शाळा आणि आश्रमशाळा येथील वर्गशिक्षकांना या टप्प्यावर नेमके काय करता येईल, हे पुढे मांडले आहे.

पुढच्या बहुतेक सूचना एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत. मेंदूच्या इजेनंतर आधी पक्के झालेले ज्ञान पुष्कळदा शाबूत राहते. कमी होते ती नवी माहिती साठवण्याची, लक्ष टिकवण्याची, वेगाने विचार करण्याची आणि कामाचा क्रम लावण्याची ताकद. सातवीतला मुलगा सतराचा पाढा न अडखळता म्हणतो, पाचवीतली कविता तोंडपाठ म्हणतो आणि शिक्षकांना वाटते की सर्व ठीक आहे. त्याच मुलाला सोमवारी शिकवलेले मंगळवारी पूर्णपणे नवे वाटते. म्हणून जुने विचारून मुलाची पारख करू नये. त्याच्या इयत्तेतील एखादी छोटी नवी गोष्ट शिकवावी, ती वीस मिनिटांनी विचारावी, दुसऱ्या दिवशी विचारावी, आठवड्याने पुन्हा विचारावी आणि प्रत्येक वेळी काय उरले ते लिहून ठेवावे. ही नोंद कोणत्याही चाचणीतील गुणांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेत येण्यापूर्वीची तयारी

मूल येण्याच्या आधी पालकांकडून रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मागून घ्यावे व त्याची छायांकित प्रत शाळेत ठेवावी. त्यावर बहुधा ‘जी.सी.एस.’ असा एक आकडा असतो. ही १९७४ मध्ये ग्लासगो येथे तयार झालेली शुद्धीची मोजपट्टी असून ती ३ ते १५ अशी चालते. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा, अशी ढोबळ विभागणी केली जाते. हा आकडा इजेनंतरच्या सुरुवातीच्या काळातील शुद्धीविषयी सांगतो. सहा महिन्यांनी मूल अपूर्णांक शिकू शकेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. सौम्य म्हटलेल्या इजेनंतरही काही मुलांना दीर्घकाळ त्रास राहतो.

कार्ड वाचून झाल्यावर पालकांना थेट प्रश्न विचारावेत. फिट आली होती का, गोळ्या कोणत्या आणि किती वाजता द्यायच्या, नजर किंवा ऐकणे कमी झाले आहे का, हातापायात जोर कमी आहे का, झोप कशी आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी मूल सर्वांत ताजेतवाने असते, हे सर्व आईला डॉक्टरांपेक्षा अधिक बारकाईने ठाऊक असते. एक प्रश्न शिक्षक विचारायचे विसरतात आणि तो फार महत्त्वाचा आहे: शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढले आहे का? मेंदूला सूज आल्यास शल्यविशारद कवटीचा एक भाग काही महिन्यांसाठी काढून ठेवतात. त्या जागी फक्त त्वचेखाली मेंदू असतो. डोक्यावर तिथे खोलगट किंवा मऊ भाग दिसतो. असे मूल शाळेत येत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले संरक्षक हेल्मेट किंवा टोपी वर्गातही डोक्यावर हवी, त्याची जागा दारापासून व खिडकीच्या उघडणाऱ्या फळीपासून दूर हवी आणि मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत एक मोठी व्यक्ती हवीच. डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नसेल, तर मूल घरीच ठेवून अभ्यास घरी पोहोचवावा.

यानंतर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक आणि गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांची एक बैठक घ्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत पालकांना दिवसा बोलावणे म्हणजे त्यांची मजुरी बुडवणे होय. अशा वेळी संध्याकाळी गावातच भेटावे. बैठकीत ठरलेले एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि वर्गावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला त्याची प्रत द्यावी. वर्गशिक्षक रजेवर असताना बदली म्हणून आलेल्या शिक्षकांना ‘हा मुलगा मध्येच डोके टेकतो, त्याला उठवू नये’ एवढे जरी ठाऊक नसेल, तर बराचसा उद्देश फसतो.

सुरुवातीचे आठवडे: वेळ आणि थकवा

सौम्य इजेनंतर पहिले २४ ते ४८ तास अभ्यास, मोबाइल व टीव्ही कमी ठेवून विश्रांती द्यावी आणि मग हळूहळू नेहमीच्या कामाकडे वळावे, असा सध्याचा वैद्यकीय सल्ला आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवणे आता योग्य मानले जात नाही. यातील बहुतेक मुले साधारण महिन्याभरात पूर्ववत होतात. मध्यम व गंभीर इजेत मात्र महिने आणि वर्षे यांचा हिशेब करावा लागतो.

पूर्ण दिवसाने सुरुवात करू नये. प्रथम दोन तासिका, त्याही मुलाच्या ताज्या वेळेतल्या. दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, चिडचिड किंवा जास्त झोप नसेल तर पुढच्या आठवड्यात एक तासिका वाढवावी. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. येथे निकष शाळेतील वागणे नसून घरी गेल्यावरची संध्याकाळ आणि दुसरी सकाळ हा आहे, कारण अनेक मुले वर्गात सर्व शक्ती खर्च करून नीट वागतात आणि घरी पोहोचताच कोसळतात. पालकांनी रोज फोनवर दोन वाक्ये सांगितली तरी पुरते.

हा थकवा खेळून आलेल्या थकव्यासारखा नसतो. मूल बसल्या बसल्या, केवळ ऐकून आणि वाचून थकते. डोळे जड होतात, अक्षर बिघडते, उत्तरे एका शब्दावर येतात, कधी विनाकारण रडू येते. या खुणा दिसताच दहा-पंधरा मिनिटे शांत जागी पडू द्यावे. खोली नसेल तर ग्रंथालयाचा कोपरा किंवा कार्यालयातील बाकही चालतो. गणित व भाषा मधल्या सुट्टीपूर्वी घ्याव्यात. परिपाठाच्या वेळी उन्हात उभे राहण्यातून, लाऊडस्पीकरजवळ बसण्यातून आणि कवायतीतून सूट द्यावी.

खानदेशात याला उन्हाळ्याची जोड असते. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जाऊ लागला की अशा मुलाची डोकेदुखी आणि थकवा बळावतो, म्हणून पत्र्याच्या खोलीतील वर्गात त्याची जागा भिंतीकडे, वारा येईल अशी ठेवावी आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. शाळा सकाळची झाली की आणखी एक गोष्ट बिघडते. रात्री उकाड्याने झोप उशिरा लागते, पहाटे लवकर उठावे लागते आणि गोळीची वेळ चुकते. फिटची गोळी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत सकाळच्या शाळेचे वेळापत्रक लागू होण्याच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ ठरवून घेण्यास पालकांना सांगावे आणि गरज वाटल्यास मुलाला एक तासिका उशिरा येऊ द्यावे.

वर्गात शिकवताना

मुलाची जागा पुढच्या बाकावर, दारापासून दूर असावी, एवढे सर्वांना सुचते. नजरेचा प्रश्न असेल तर अधिक विचार करावा लागतो. मेंदूच्या इजेने काही मुलांना एका बाजूचे दिसत नाही किंवा दिसूनही त्या बाजूकडे लक्ष जात नाही. डावी बाजू गेलेली असेल तर मूल ओळीचा आरंभ सोडून मधूनच वाचू लागते, ‘कापूस’ऐवजी ‘पूस’ वाचते, डब्यातील डाव्या बाजूची भाजी तशीच ठेवते. पहिल्या दिवशी ही वाचनाची चूक वाटते. सलग काही ओळींत चूक नेहमी डावीकडेच होते, हे पाहिले की कारण लक्षात येते. अशा मुलाला फळ्याकडे तोंड केल्यावर वर्गाच्या डाव्या बाजूला बसवावे, म्हणजे फळा आणि शिक्षक त्याच्या चांगल्या बाजूला येतात. वहीच्या डाव्या समासात ठळक लाल रेघ ओढून ‘लाल रेघ दिसली की वाचायला सुरुवात’ अशी सवय लावावी आणि ओळीखाली पट्टी धरायला शिकवावी.

सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘वह्या काढा, पान ४२ वरील तिसरे उदाहरण सोडवा आणि झाले की स्वाध्याय पूर्ण करा’ या वाक्यातील वही काढणे एवढेच त्याच्यापाशी उरते. पहिली कृती झाल्यावर दुसरी सांगावी. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे, कारण वर्गातील दहा हात तेवढ्यात वर येतात; पण विचाराचा वेग मंदावलेल्या मुलाचे उत्तर बरेचदा आठव्या-नवव्या क्षणी तयार होते आणि आपण मध्येच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

शाब्दिक उदाहरण कसे मोडते, ते एका नमुन्यावरून पाहू. ‘एका शेतकऱ्याने ४ क्विंटल ५० किलो कापूस प्रति क्विंटल ७,००० रुपये दराने विकला. त्यातून वेचणीची मजुरी ३,५०० रुपये दिली. त्याच्याकडे किती रुपये उरले?’ मुलाला गुणाकार येतो, वजाबाकी येते, क्विंटल-किलोचे रूपांतरही येते. तो ३१,५०० पर्यंत बरोबर पोहोचतो आणि तेच उत्तर म्हणून लिहून वही मिटतो. गुणाकार करीत असताना मजुरीची गोष्ट त्याच्या डोक्यातून निघून गेलेली असते. येथे गुणाकाराचा सराव देणे व्यर्थ आहे. तेच उदाहरण चार ओळींत तोडून द्यावे: कापूस किती क्विंटल? विक्रीचे रुपये किती? मजुरी किती? उरले किती? प्रत्येक ओळीसमोर उत्तराचा चौकोन असावा. मूल आता २८,००० पर्यंत जाते. काही आठवड्यांनी चार ओळींच्या तीन कराव्यात, मग फक्त ‘शेवटी काय विचारले आहे ते अधोरेखित कर’ एवढीच सूचना ठेवावी. आधार कमी करण्याचा वेग मुलानेच ठरवायचा असतो, अभ्यासक्रमाच्या नियोजनाने नव्हे.

नवी गोष्ट शिकवताना ‘अंदाज करून सांग’ असे म्हणणे या मुलांच्या बाबतीत टाळावे. स्मृती कमकुवत असताना मनात आलेले चुकीचे उत्तरच पक्के होते आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा बाहेर येते. त्याऐवजी बरोबर उत्तर आधी सांगावे, लगेच म्हणून घ्यावे, मग दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, तासिकेच्या शेवटी आणि दुसऱ्या दिवशी विचारावे. आठवले नाही तर वाट पाहत न बसता पुन्हा सांगावे. एका बैठकीत तासभर घोकण्यापेक्षा दिवसभरात विखुरलेली पाच मिनिटे अधिक टिकतात.

फळ्यावरून उतरवून घेणे हे काम या मुलांना सर्वांत जास्त थकवते, कारण मान वर-खाली करताना नजर, स्मृती आणि हात या तिघांनाही एकाच वेळी राबावे लागते. पाठ्यपुस्तकातच पेन्सिलने अधोरेखन करून द्यावे किंवा फळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पालकांना पाठवावा. गृहपाठ वर्गाच्या निम्मा असावा, आणि तोही घड्याळ लावून: अर्धा तास झाला की जिथे आहे तिथे थांबायचे, खाली पालकांनी सही करायची.

स्मरणवही हे यातील मुख्य साधन होय. खिशात मावेल अशी छोटी वही घ्यावी. डाव्या पानावर त्या दिवसाच्या तासिका, उजव्या पानावर ‘घरी न्यायचे’ आणि ‘उद्या आणायचे’ एवढेच. वही हातात दिली की मूल वापरू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे, कारण वही पाहायची हेच त्याला आठवत नाही. प्रत्येक तासिकेच्या शेवटी घंटा झाली की वही उघडायची, लिहायचे, मिटायची, असा सराव शिक्षकांनी स्वतः उभे राहून कित्येक आठवडे करून घ्यावा लागतो. घरी वाचणारे कोणी नसेल तर शब्दांऐवजी चित्रे काढावीत किंवा शाळेतून निघताना मुलाच्याच आवाजात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवावा.

बोलण्यावर परिणाम झाला असेल तर घरची बोली आधी जवळ करावी. आपल्याकडील मुले घरी अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी बोलतात आणि शाळेतील प्रमाण मराठी ही त्यांची नंतर शिकलेली भाषा असते. इजेनंतर प्रमाण शब्द सापडत नसताना ‘मनं डोकं दुखस’ हे मुलाने सहज सांगितले, तर ते पूर्ण उत्तर मानावे. भाषेची तपासणी केवळ पाठ्यपुस्तकातील मराठीत केली तर मुलाची हानी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तेच इंग्रजी आणि हिंदीबाबत: या भाषा काही काळ बाजूला ठेवल्या तरी बिघडत नाही.

वागणूक

कपाळामागील मेंदूचा भाग आपल्याला थांबवण्याचे काम करतो. तेथे इजा झाली तर मूल रांग मोडते, शिवी देते, इतरांच्या वस्तू उचलते, शोकसभेत हसते. पूर्वी शांत असलेल्या मुलाकडून हे घडते तेव्हा शिक्षक आणि आईवडील दोघेही दुखावतात. यात उद्दामपणा नसतो, तसेच ‘काहीच करता येणार नाही’ असेही नसते. राग येण्यापूर्वी काय घडले, हे काही दिवस लिहून ठेवावे. बहुतेक वेळा त्यामागे गोंगाट, भूक, अचानक बदललेले वेळापत्रक किंवा चौथ्या-पाचव्या तासिकेचा थकवा सापडतो. तेवढे बदलले की अर्धे प्रसंग टळतात. उरलेल्या वेळी सर्वांसमोर वाद न घालता, ठरवलेली एक खूण करून मुलाला वर्गाबाहेर पाणी प्यायला पाठवावे आणि शांत झाल्यावर दोन वाक्यांत बोलावे. लांबलचक समज देणे निरुपयोगी असते, कारण तिचा आरंभ मुलाच्या लक्षात राहत नाही.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहेच. या मुलांच्या बाबतीत टपली मारणे, कान धरून डोके हलवणे, खडू फेकून मारणे हे प्रकार गमतीनेही होता कामा नयेत, आणि ही ताकीद वर्गातील मुलांनाही स्वच्छ शब्दांत द्यावी.

वर्गाला किती सांगायचे, हे मूल आणि पालक यांना विचारून ठरवावे. ‘त्याच्या डोक्याला मार लागला होता, तो बरा होत आहे, त्याला थोडा जास्त वेळ लागतो’ एवढे पुरेसे असते. ‘येडा’ हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तो थांबवावा. मदतीसाठी जोडीदार द्यावा, पण दर आठवड्याला बदलावा. एकाच मुलावर वर्षभराचा भार टाकला तर मैत्रीचे काम होऊन बसते.

फिट, पुन्हा मार आणि खेळ

मेंदूच्या इजेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही फिट येऊ शकते. मूल खाली पडून झटके देऊ लागले तर आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेले कापड ठेवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट आपोआप थांबतात, म्हणून श्रेय कांद्याला मिळते. झटके ५ मिनिटांपेक्षा जास्त चालले, एकामागून एक आले, शुद्ध आली नाही किंवा आयुष्यातील ही पहिलीच फिट असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्याविनाही फिट येते: मूल काही क्षण शून्यात पाहते, ओठ चाळवते, हाकेला ओ देत नाही. याची वेळ लिहून पालकांना कळवावी.

डोक्याला पुन्हा मार लागला, मग तो किरकोळ का असेना, तर त्या दिवशी मुलाला एकटे घरी पाठवू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूची कमजोरी, डोळ्यांच्या लहान-मोठ्या बाहुल्या, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको.

आधी वर्गातील पूर्ण दिवस त्रासाविना पार पडावा, मगच खेळ. सौम्य इजेतही चालणे, धावणे, चेंडू फेकणे अशा पायऱ्या किमान एकेक दिवस थांबून चढाव्यात. कबड्डी, कुस्ती, झाडावर चढणे व विहिरीत पोहणे यांना डॉक्टरांच्या लेखी परवानगीविना मुळीच हात लावू नये. जाता जाता, चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट घालणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार बंधनकारक आहे. शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी जे दृश्य दिसते, त्याबद्दल शाळा व्यवस्थापन समितीने एकदा तरी बोलावे.

आश्रमशाळेत राहणारी मुले

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा किंवा यावल-चोपड्याच्या सातपुड्यातील आश्रमशाळांत शिक्षक आणि पालक या दोन्ही भूमिका शाळेकडे येतात. पालक ऊसतोडीला बाहेरगावी गेले की डिस्चार्ज कार्डही त्यांच्यासोबत जाते, म्हणून कागदपत्रांचा संच अधीक्षकांकडे असलाच पाहिजे. गोळी दिल्याची रोजची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी आणि दहा दिवसांचा साठा उरला की नवा मागवावा. फिटची गोळी एकाएकी बंद पडणे धोक्याचे असते. झोपण्याची जागा खालच्या पलंगावर, पंख्याखाली आणि अधीक्षकांच्या खोलीजवळ असावी.

होळीच्या सुट्टीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. काठी या गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतो, नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. झोप मोडणे हे फिटचे मोठे निमित्त आहे. मुलाला होळीला पाठवू नये असे कोणी सुचवेल, पण ते मला पटत नाही आणि ते कोणी पाळणारही नाही. सुट्टीचे सर्व दिवस पुरतील एवढ्या गोळ्या दिवसागणिक पुड्या करून द्याव्यात आणि दुपारी झोप काढायची, मध्यरात्रीपर्यंत थांबून मग झोपायचे, पहाटे पुन्हा उठायचे, असे घरच्यांशी त्यांच्या बोलीत बोलून ठरवावे.

परीक्षा आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात १९९० पासून मेंदूच्या आघाताची स्वतंत्र वर्गवारी आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती नाही, म्हणून प्रमाणपत्र इजेच्या परिणामांवर मिळते: हालचालीची अक्षमता, दृष्टिदोष, वाचा व भाषेची अक्षमता, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून अधिक असल्यास बहुविकलांगता. पालक ‘डोक्याला मार’ एवढेच सांगून रांगेत उभे राहिले तर त्यांना परत पाठवले जाण्याची शक्यता असते. वर्गातील नोंदींचा एक पानी सारांश शिक्षकांनी लिहून द्यावा आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज भरायला मदत करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रमाणपत्र येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधने निवडण्याची मोकळीक शिक्षकांना आहेच; लेखी चाचणी दोन दिवसांत विभागून, शांत खोलीत घेता येते. केवळ जादा वेळ दिल्याने मात्र प्रश्न सुटत नाही. तीन तासांच्या पेपरला तासामागे २० मिनिटे जादा मिळाली की थकलेले मूल चार तास बसते. त्याला त्या वेळेत मधूनमधून डोळे मिटून बसण्याची सवय आधीपासून लावावी लागते. लेखनिकासोबतही सराव हवा, कारण उत्तर मनात जुळवून ते दुसऱ्याला सांगणे हे स्मृती कमजोर असलेल्या मुलाला स्वतः लिहिण्याहून कठीण जाऊ शकते. दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातात. नववी संपण्याच्या आतच प्रमाणपत्राची पूर्तता करावी.

अपघातग्रस्त विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो, म्हणून रुग्णालयाची बिले आणि पोलिसांचा पंचनामा जपून ठेवण्यास पालकांना पहिल्याच भेटीत सांगावे.

पुढच्या वर्गात जाताना

चौथीतून पाचवीत किंवा सातवीतून आठवीत जाताना शाळा बदलते आणि जमवलेली सर्व समज मागे राहते. त्याच वेळी विषय वाढतात, प्रत्येक तासिकेला शिक्षक बदलतात आणि स्वतःहून नियोजन करण्याची अपेक्षा सुरू होते. एप्रिलमध्येच जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसावे. संचयी नोंदपत्रकासोबत बैठकीत ठरलेल्या गोष्टींचा कागद, स्मरणवहीचा नमुना व वापरात असलेल्या गणिताच्या कागदाची एक प्रत द्यावी. मे महिन्याच्या सुट्टीत पंधरवड्यातून एकदा थोडी उजळणी घडेल, एवढी सोय करावी.

लहानपणी झालेल्या इजेचा परिणाम कधी कधी फार उशिरा दिसतो. मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. तिसऱ्या वर्षी त्याला झालेली इजा पहिली-दुसरीत जाणवत नाही आणि सहावीत निबंध, प्रकल्प, अनेक पायऱ्यांची उदाहरणे आली की उघड होते. तोवर पालकांनाही तो अपघात विसरायला झालेला असतो. यासाठी पहिलीच्या आणि पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी आईला एक प्रश्न आवर्जून विचारावा: मूल कधी डोक्यावर पडून बेशुद्ध झाले होते का, त्या वेळी दवाखान्यात ठेवले होते का? उत्तर होय असेल, तर वर्ष आणि रुग्णालयाचे नाव संचयी नोंदपत्रकात आरोग्याच्या रकान्यात लाल शाईने लिहावे.